माणसं पुसलेली रेकॉर्ड

सोलापुरात साउंडचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका पोरानं मध्यंतरी एक फाइल पाठवली. पोरगा कानाचा पक्का आहे. भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि दहा जणांचे टाळ दोन माइकवर नीट बसवणं भल्याभल्यांना जमत नाही, तो ते सहज करतो. हल्ली त्याच्या हाती असं सॉफ्टवेअर आलंय की जुन्या रेकॉर्डिंगमधून गळा वेगळा, गिटार वेगळी, ड्रम वेगळे आणि मागची माणसं वेगळी निघतात. त्यानं हौसेनं जॉन ली हुकर या ब्लूज (काळ्या अमेरिकनांचं गाणं) गाणाऱ्या गिटारवाल्याची 'लाइव्ह ॲट कॅफे ओ गो गो' ही रेकॉर्ड घेतली, तिच्यातल्या टाळ्या काढल्या, कुजबुज काढली, खोलीची गाज काढली आणि खाली लिहिलं, 'पब्लिक साफ केलंय, आता स्टुडिओसारखं वाजतंय बघा.' खरंच स्टुडिओसारखं वाजत होतं. पियानो उजळला होता, बासचा एकेक सूर सुटा झाला होता. त्याला काय उत्तर लिहावं ते मात्र काही केल्या सुचेना, कारण इथे चुकलं म्हणून बोट ठेवावं असं एकही ठिकाण त्यात नव्हतं.

तरीही ते ऐकवत नव्हतं.

मूळ रेकॉर्ड ३० ऑगस्ट १९६६ ची, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली. कॅफे ओ गो गो हे ब्लीकर स्ट्रीटवरचं तळघर. साथीला ब्लूजमधलाच मोठा गायक मडी वॉटर्स याचा शिकागोचा बँड: पियानोवर ओटिस स्पॅन, ड्रमवर फ्रान्सिस क्ले, बासवर मॅक अर्नोल्ड, हार्मोनिकावर जॉर्ज स्मिथ, आणि गिटार घेऊन मागे बसलेला खुद्द मडी. एरवी ज्याच्या नावावर कार्यक्रम लागायचे तो माणूस इथे साथीदार आहे, आणि ही साथ सोपी नाही. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, एक बार म्हणजे चार मात्रा. ई पट्टीत धरलं तर चार बार ई कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), दोन बार ए, परत दोन ई, मग एक बी, एक ए आणि शेवटी दोन ई. शिकागोच्या वादकांच्या हाडात हे मुरलेलं. हुकर ते पाळत नाही. वाक्य अजून बाकी असेल तर तो ई वरच दीड बार जास्त रेंगाळतो, वाक्य लवकर संपलं तर अकराव्या बारालाच वळतो, आणि मनात आलं तर अख्खं गाणं एकाच कॉर्डवर काढतो. १९४८ साली डेट्रॉइटमध्ये त्याची पहिली रेकॉर्डिंग झाली तेव्हा तो एकटाच होता, पायाखाली लाकडाची फळी होती आणि ठेका म्हणजे त्याचाच पाय. अशा माणसामागे मोजून वाजवता येत नाही. त्याच्या तोंडाकडे, टाचेकडे आणि गिटारच्या मानेवर सरकणाऱ्या डाव्या हाताकडे डोळा ठेवूनच वाजवावं लागतं. कीर्तनात बुवांमागे पेटी धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको; चरण मध्येच सोडून बुवा निरूपणात शिरले की पेटी षड्ज धरून बसते आणि बुवांचा श्वास बघते.

हुकर गाण्यात बरंच बोलतो. खालच्या आवाजात, धमकी द्यावी तसं. बोलता बोलता थांबतो, आणि ते थांबणं समोर बसलेल्यांसाठी असतं. मूळ रेकॉर्डमध्ये त्या जागी तळघर ऐकू येतं, माणसं गप्प झालेली ऐकू येतात. भरलेल्या खोलीतल्या शांततेला वजन असतं: कपड्यांची सळसळ, श्वास, झांजेवरची उरलेली थरथर, ॲम्पची बारीक घुंई. सॉफ्टवेअरनं हे सगळं काढून तिथे कोरी जागा ठेवली होती. त्या कोऱ्या जागेत हुकर पुढची ओळ विसरल्यासारखा वाटायला लागला. स्पॅन उजव्या हातानं जे बारीक नखरे करतो ते कुणाला उद्देशून आहेत हेच कळेना. वाजवणं तेच होतं, पण ते असं का वाजवलं याचं कारण पुसलं गेलं होतं. उत्तर लिहायला घेतलं ते या मुद्द्यापासून, आणि लिहिता लिहिता ते इतकं लांबलं की फोनवर पाठवण्याजोगं राहिलं नाही.

विजेची गिटार ब्लूजमध्ये आली त्यामागे गर्दीचाच गोंगाट आहे. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतला कापसाचा मळा सोडून शिकागोला आला. मळ्यावर शनिवारी रात्री साधी लाकडी गिटार पुरायची. शिकागोच्या साउथ साइडच्या दारूगुत्त्यात ती दुसऱ्या टेबलापर्यंतही पोचेना. पोलाद कारखान्यातून आणि कत्तलखान्यातून सुटलेली माणसं मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. म्हणून त्यानं विजेची गिटार धरली. हार्मोनिकावाल्यांनी पाच-दहा डॉलरचा माइक मुठीत धरून तो गिटारच्या ॲम्पला जोडला. लहान ॲम्प शेवटपर्यंत पिळला की सूर फाटतो; तो फाटका सूर गर्दीच्या आवाजातून आरपार जातो, म्हणून तोच आवडता झाला. ड्रमवाल्याचा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा तो सणसणीत फटका असाच, नाचणाऱ्यांच्या पायांना सापडावा म्हणून. अशी गर्दी पुसून वाद्यं तेवढी ठेवली की रिकाम्या खोलीत कुणीतरी ओरडतंय असं वाटतं.

आपल्याकडे शाहिरांची पट्टी काळी चार-पाचला का चढलेली असते, तुणतुण्याची तार इतकी बोचरी का, हलगीचं कातडं जाळावर शेकून का ताणतात, याचंही उत्तर तेच. माइक नव्हता आणि समोर मैदानभर माणूस होता. राम जोशी सोलापूरचे. त्यांच्या लावणीतली शब्दांची आतषबाजी आपण आज कागदावर वाचतो. ती ज्या फडात, ज्या गलक्यात उभी राहिली तो गलका आपल्याकडे नाही. त्या काळी यंत्रच नव्हतं, त्यामुळे तक्रार नाही. पण यंत्र आल्यानंतरचं तरी आपल्याकडे काय आहे? गिरण्यांच्या काळात या गावात मराठी, कानडी, तेलुगू, दखनी बोलणारा कामगार एका भोंग्यावर उठत होता. चाळीत भजनी मंडळं होती, गणपतीत मेळे होते, कलगी-तुऱ्याचे सामने होते. कॅसेटचा जमाना आला तेव्हा त्यातल्या कलाकारांना स्टुडिओत नेलं गेलं, एकेकाला माइकसमोर उभं केलं गेलं आणि ते गाऊन आले. त्या कॅसेट ऐकताना शाहीर उंच पट्टीत कुणाला हाक मारतोय ते कळत नाही. समोर कुणी नाहीच.

क्लबमधल्या रेकॉर्ड एकाच साच्यातल्या नसतात, खोली बदलली की बँड बदलतो. शिकागोत इंडियाना ॲव्हेन्यूवर थेरेसा नीडहॅम या बाईंचा तळघरातला गुत्ता होता, थेरेसाज लाउंज. हार्मोनिकावाला गायक ज्युनिअर वेल्स तिथे घरच्यासारखा वाजवायचा. १९७५ च्या जानेवारीत एका रेडिओ स्टेशननं तिथे रेकॉर्डिंगला टेप लावली, आणि डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीनं ती २००६ मध्ये काढली. तिच्यात गाण्याइतकंच बोलणं आहे. ओळखीच्या माणसांना हाका, चिडवाचिडवी, आणि त्या बोलण्यातूनच पुढच्या गाण्याची लय ठरते. मडीची १९७१ ची 'लाइव्ह ॲट मिस्टर केलीज' रश स्ट्रीटवरच्या उंची सपर क्लबातली. १९६९ च्या मोटार अपघातातून उठलेला मडी, लय सावकाश, पाइनटॉप पर्किन्सचा पियानो शांत, बँड जणू पाय पसरून बसलाय. आणि बी. बी. किंगची 'ब्लूज इज किंग', ५ नोव्हेंबर १९६६, शिकागोचा इंटरनॅशनल क्लब. तिथे किंगनं एक सूर ओढून धरला की समोरून बायकांची किंकाळी येते, आणि किंग तो सूर आणखी अर्धा बार धरतो. ती किंकाळी काढली तर धरलेला सूर नुसता लांबलेला वाटेल. मॅजिक सॅमची ॲलेक्स क्लबमधली १९६३-६४ ची टेप तर आवाजाच्या हिशेबात वाईटच आहे, सगळं मडक्यातून आल्यासारखं. सॅम १ डिसेंबर १९६९ ला बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड कितीतरी स्वच्छ आहेत. तो गिटार कशी वाजवायचा हे कळायला मी त्या ऐकायला सांगेन. तो कसा होता हे कळायला त्या मडक्यातल्या टेपला पर्याय नाही.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे ज्युनिअर वेल्सचीच १९६५ ची 'हूडू मॅन ब्लूज'. ती स्टुडिओतली. पण निर्माता बॉब केस्टरनं ठरवलं होतं की क्लबमध्ये रात्री ऐकू येतं ते हवं, गाणं तीन मिनिटांत गुंडाळायचं नाही, बँड नेहमीचा, रंगसफेदी नाही. मध्येच गिटारवादक बडी गाय याचा ॲम्प बिघडला, तर गिटार ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरला जोडून काम पुढे नेलं आणि तो डुलणारा आवाज तसाच ठेवला. म्हणजे अट तळघराची नाही. वाजवणाऱ्यांना एकमेकांचं आणि ऐकणाऱ्याचं भान राहील अशी मांडणी लागते.

एक गोष्ट मात्र मनात टोचत राहते. या रेकॉर्डमधला ग्लासांचा किणकिणाट मला हवासा वाटतो. पण तो धंद्याचा आवाज आहे. वादकांना बोलावलं जायचं ते माणसं बसावीत आणि पुढची दारू मागवावी म्हणून. पहाटेपर्यंत चार-चार सेट वाजवून हातात पडायचं ते थोडं, आणि पुष्कळांना दिवसा दुसरी नोकरी करावी लागायची. मोडनिंबच्या कला केंद्रांतही बैठकीला बसलेला रसिक वन्स मोर म्हणतो, फर्माईश करतो, दौलतजादा होते. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणारी, चार हातांवर ऐकणारा. अशा ठिकाणी उमटणारी लावणी थिएटरातल्या लावणीपेक्षा कितीतरी बारीक कामाची असते, अदा आवाजात येते कारण डोळे समोर आहेत. आणि तिथली देवघेवही सरळ नसते, हे जिल्ह्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. दोन्हीकडे मला तो आवाज हवा आहे आणि त्यामागचा हिशेब नको आहे. ही सोय रेकॉर्डिंगमध्ये नसते, दोन्ही एकाच माइकमधून येतात.

त्या पोराचा पुढचा बेत सोलापुरातच एका ब्लूज वाजवणाऱ्या तरुण बँडचा लाइव्ह अल्बम करायचा आहे. म्हणून आता कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट जागा. मोठं नाट्यगृह नको. तिथे पहिली रांग स्टेजपासून लांब असते, अंधारात असते आणि खुर्च्यांची गादी टाळ्या गिळते. एखाद्या हॉटेलचा ऐंशी-शंभर माणसांचा हॉल घ्यावा, छत फार बुटकं नसेल असा. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीमागून 'टर्रर्र' असा फडफडाट आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींवर फेकताहेत. यावर गावात उपाय मुबलक आहे: जाड चादरी आणि टर्किश टॉवेल. पण ते भिंतीला चिकटवून लावू नयेत. भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर अंतर सोडून दोरीवर टांगले तर साधारण ५७० हर्ट्झच्या आसपास आणि वर चांगलं शोषतात. चिकटवले तर फक्त अगदी वरचा सिसकारा जातो. बासवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही. बास गिटारचा खालचा ई ४१ हर्ट्झचा, त्याची एक लाट आठ मीटरहून लांब, चादरीला ती जुमानत नाही. म्हणूनच उत्साहाच्या भरात चारी भिंती झाकल्या की वरचे सूर मरतात, खालची डबडब तेवढी उरते. ड्रमच्या मागची भिंत आणि समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक, एवढं झाकलं की पुरे. शिवाय माणसं येऊन बसली की तीच पुष्कळ शोषतात. दुपारी साउंडचेकला झांज कानाला टोचली तरी इक्वलायझरला लगेच हात लावायचा नाही, संध्याकाळी हॉल भरल्यावर ती आपोआप बसते. दुपारीच कापली तर रात्री अंधारलेला आवाज मिळतो.

ॲम्प लहान घ्यावेत, पंधरा-वीस वॉटचे, आणि खुर्चीवर ठेवावेत. जमिनीवर ठेवलेला ॲम्प फरशीतून बास उचलतो, आणि वादकाच्या गुडघ्यांवर वाजतो, कानांना कमी पडतो. मग तो आवाज वाढवतो, मग ड्रमवाला वाढवतो, आणि तासाभरात गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, शिट्टी मारतो. एसएम ५७ हा माइक ॲम्पच्या स्पीकरच्या जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर, स्पीकरच्या शंकूच्या मधल्या टोपीच्या कडेला रोखून. अगदी मध्यावर आवाज बोचतो, बाहेरच्या कडेला बोथट होतो. बोटभर सरकवून फरक ऐकायचा. एका माइकपासून वाद्य जेवढं लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माइक हवा, नाहीतर दोन्ही मिसळल्यावर आवाज पोकळ होतो. मॉनिटरची जागा माइकवर ठरते: एसएम ५८ ला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर नेमका समोर; बीटा ५८ ला तिरक्या मागच्या बाजूंनी, साधारण १२६ अंशांवर कमी ऐकू येतं, म्हणून दोन मॉनिटर तिरके. माइक बदलला आणि मॉनिटर हलवला नाही, ही या धंद्यातली रोजची शिट्टी आहे. हार्मोनिकावाल्याचा मुठीतला माइक थेट मिक्सरला द्यायचा नाही, त्याचा ॲम्प वेगळा आणि त्या ॲम्पसमोर माइक. त्याच्या मुठीचा बंदिस्तपणा हाच त्याचा सूर आहे. हात उघडला की शिट्टी येणारच, म्हणून त्याचा ॲम्प त्याच्या बाजूला, तोंड प्रेक्षकांकडे.

ड्रमला आठ माइक लावायचा मोह होतो. छोट्या हॉलमध्ये दोन पुरतात: एक पायानं वाजणाऱ्या किक ड्रमला, एक सेटसमोर कमरेच्या उंचीवर. वरून टांगलेला माइक बुटक्या छताजवळ गेला तर छतावरून परतलेला आवाज झांजेत मिसळतो आणि झांज पातळ होते. आणि खरं सांगायचं तर ड्रमचा सगळ्यात मोठा माइक गायकाच्या तोंडासमोर असतो. गायक बाजूला झाला की त्या माइकमधून स्नेअर ड्रम उसळून वर येतो. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय) लावून तो बंद करायला जाल तर झांज डोळे मिचकावल्यासारखी लागते-विझते. उपाय एकच, ड्रम गायकाच्या थेट मागे ठेवायचे नाहीत, हातभर डावी-उजवीकडे सरकवायचे, म्हणजे जे शिरेल ते तरी ऐकण्यासारखं शिरेल. एका माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो त्याला घाबरून काम केलं की सगळं सुटं आणि निर्जीव येतं. कॅफे ओ गो गो मधला पियानो इतर माइकमध्येही शिरलेला आहे, म्हणून तर त्याला खोलीत एक जागा आहे.

वीज हा वेगळाच विषय. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या शिकागो रेकॉर्डमध्ये मागे जी घुंई असते ती बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी पडते. आपल्याकडची घुंई ५० आणि १०० हर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ जी. गाणं जी पट्टीत असेल तर ती तानपुऱ्यासारखी खपून जाते, ई पट्टीच्या संथ गाण्यात ती सरळ उघडी पडते. सिंगल कॉइलची, म्हणजे पिकअपमध्ये एकच वेटोळं असलेली गिटार असेल तर वादकाला ॲम्पकडे तोंड करून हळूहळू फिरायला सांगायचं, एका कोनात घुंई निम्म्यानं पडते, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावायची. सगळे ॲम्प, मिक्सर आणि लॅपटॉप एकाच पॉइंटवरून, अर्थिंग तपासून. दिव्यांचे डिमर दुसऱ्या फेजवर. अर्थिंगची पिन काढून घुंई घालवणारे महाभाग आहेत, त्यांना हॉलमध्ये घ्यायचं नाही, गायकाचे ओठ माइकला लागलेले असतात आणि हात तारांवर. जनरेटरचं पाणी आधीच जोखून ठेवावं. लोड चढला की त्याची फ्रिक्वेन्सी हलते. जुना हॅमंड ऑर्गन तर विजेच्या फ्रिक्वेन्सीवरच चालतो, अमेरिकेतला तसाच आणून इथे लावला तर तीन अर्धस्वरांनी खाली वाजतो, आणि जनरेटरवर डगमगतो.

दिवस निवडताना उन्हाळा सोडून द्यावा. चाळीस अंशांत पंखे लावावेच लागतात, त्यांचं वारं माइकवर फडफडतं, आणि पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो. तापलेल्या तारा सैल पडतात, गिटार उतरते. कीबोर्ड आणि पेटी जागच्या जागी राहतात. प्रत्येक दोन गाण्यांमागे ट्यून करायला वेळ द्या, आणि त्या वेळात गायकाला बोलू द्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा सिद्धेश्वरच्या बाजूचा हॉल घेऊ नये, आणि लग्नाच्या तिथीला तर कुठलाच घेऊ नये. वरातीचा बँड संथ गाण्यातच दारावरून जातो. पूर्व भागात घेत असाल तर शेजारी माग चालू आहेत का ते संध्याकाळी जाऊन ऐकून या, दुपारी नको. आणि रात्री दहाच्या मर्यादेचा विचार करून दोन सेट बसवा, पन्नास-पन्नास मिनिटांचे. टेपच्या जमान्यात सेकंदाला पंधरा इंच वेगानं अडीच हजार फुटांचं रीळ तेहतीस मिनिटांत संपायचं, दुसरं यंत्र तयार नसेल तर चांगलं गाणं मध्येच तुटायचं. आता ती भीती नाही, पण लेव्हलची आहे. मीटरवर उणे बारा डेसिबलच्या वर शिखर जाऊ देऊ नका. दुसऱ्या सेटमध्ये माणसं आणि बँड दोघंही पहिल्यापेक्षा जोरात असतात.

प्रेक्षकांचे दोन माइक हॉलच्या मागे लावायची सवय आहे, ती सोडावी. बारा मीटर मागे लावलेल्या माइकमध्ये स्टेजचा आवाज पस्तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो, मिसळल्यावर प्रत्येक फटक्याला सावली पडते. कॉम्प्युटरवर तेवढं मागे सरकवता येतं, पण मग टाळ्या आधी येतात. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत, माणसाच्या डोक्याहून थोडे वर, स्पीकरच्या ओळीच्या मागे, पाठ बँडकडे आणि तोंड माणसांकडे असे लावले की पहिल्या चार रांगा जिवंत मिळतात. गाणं चालू असताना ते माइक बंद करायचे नाहीत. टाळ्यांच्या वेळी असतात त्यापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली ठेवायचे, इतकंच. पूर्ण बंद केले तर गाणं संपताच दार उघडल्यासारखी खोली आत घुसते. आणि कमी पडल्या म्हणून दुसरीकडच्या टाळ्या आणून चिकटवू नयेत. चेस या रेकॉर्ड कंपनीनं १९६३ मध्ये शिकागोच्या कोपाकबाना क्लबातला म्हणून एक ब्लूज अल्बम काढला, त्यातली काही गाणी स्टुडिओतली आहेत आणि वरून गर्दी चढवलेली आहे. कान दिला की कळतं: गर्दी गाण्यातल्या कशालाच उत्तर देत नाही, गायकानं सूर फिरवला तरी ती तशीच एकसारखी घोंघावत राहते.

शेवटचं, कापाकापीचं. दोन्ही सेट पूर्ण ऐकून निवडा. पहिला सेट नेटका असतो, दुसऱ्यात चुका असतात आणि बहुतेक वेळा घ्यायची गाणी दुसऱ्यातच असतात. एकाच गाण्यात दोन सेट जोडू नका, लय जुळली तरी खोलीतली माणसं जुळत नाहीत. दोन गाण्यांचा सांधा टाळ्या ओसरताना घालायचा, चढताना कधीच नाही, दोन-तीन सेकंद एकमेकांवर सरकवून. खोकला, खुर्ची, ग्लास यांच्या मागे लागू नका. ते झांजेच्या आणि 'स', 'श'च्याच पट्ट्यात असतात, त्यांना खरवडलं की गायकाचे शब्दही खरवडले जातात. पंख्याची एकसारखी घरघर तेवढी हलकेच काढा. आणि तुमच्या हॉलमधून हाका येतील त्या मराठीत येतील, कानडीत येतील, तेलुगूत येतील, दखनीत येतील. कुणी गाण्याचं नाव चुकीचं ओरडेल, कुणी गिटारवाल्याला घरच्या नावानं हाक मारेल. मिक्सरजवळ वही ठेवा आणि कुठली हाक कितव्या मिनिटाला, कुठल्या गाण्याआधी आली ते त्याच वेळी लिहून घ्या. महिन्याभरानं स्क्रीनसमोर बसल्यावर ती फाइलमधली एक बारीक रेघ असते, आणि वहीत नोंद नसेल तर हात आपोआप ती कापायला जातो.